बालपणीचा अपस्मार आणि पुढचे आयुष्य



ज्या घरातील मुलाला पहिली आकडी येते, त्या घरातील माणसे डॉक्टरांपुढे दोनच प्रश्न घेऊन उभी राहतात: हे झाले काय, आणि या पोराचे पुढे कसे होणार? पहिल्या प्रश्नाला वैद्यकशास्त्र गेली दीडशे वर्षे बऱ्यापैकी उत्तर देत आले आहे. मेंदूतील पेशींचा विद्युत्-व्यापार एकाएकी बेताल होतो आणि त्याचेच रूप आपण झटका म्हणून पाहतो, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७० नंतरच्या दशकात तर्काने ओळखले होते, आणि हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केल्यावर तो तर्क कागदावर डोळ्यांना दिसू लागला. दुसरा प्रश्न मात्र फार काळ पडून राहिला, किंबहुना चुकीच्या उत्तरासह पडून राहिला. म्हणून आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

चुकीचे उत्तर देणारी माणसे सामान्य नव्हती. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील इस्पितळात काम करणारे विल्यम गॉवर्स हे अत्यंत सूक्ष्म निरीक्षक होते आणि १८८१ मध्ये त्यांनी अपस्मारावर लिहिलेला ग्रंथ आजही आदराने उल्लेखिला जातो. प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट सुकर करतो, आणि म्हणून हा विकार आपणहून क्वचितच थांबतो, असा त्यांचा अभिप्राय होता. परंतु त्यांच्यापुढे येणारे रुग्ण कोण, हा प्रश्न विचारला म्हणजे त्या अभिप्रायाचे मर्म कळते. ज्यांच्या फिट्स दोन-चार येऊन थांबल्या ते राजधानीच्या मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचतच नव्हते. पोहोचत होते ते वर्षानुवर्षे पिडलेले. फौजदारी कचेरीच्या पायरीवर बसून गावाच्या चालचलणुकीचा अदमास बांधावा, तसाच हा प्रकार होता.

यावर उपाय एकच होता, आणि तो चिकाटीचा होता. एखाद्या इलाख्यातील अपस्माराचे झाडून सारे बालरुग्ण, सौम्य असोत वा तीव्र, नोंदवहीत घ्यावयाचे, आणि ती मुले मोठी होईपर्यंत, त्यांची लग्ने, नोकऱ्या आणि मृत्यूही नोंदले जाईपर्यंत, त्या नोंदवहीवरची नजर हलू द्यावयाची नाही. फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तुर्कू या जुन्या राजधानीच्या शहरात मात्ती सिलनपॅ या बालरोगतज्ज्ञांनी हे केले. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या हद्दीतील २४५ मुले, ज्यांच्या अपस्माराचे निदान १९६४ पर्यंत झालेले होते, त्यांचा त्यांनी चाळीस वर्षे मागोवा घेतला. अशा कामास संशोधकाची निष्ठा लागते तशी दफ्तरही व्यवस्थित ठेवणारी राज्यव्यवस्था लागते; मृत्यूचे कारण सरकारदरबारी नीट नोंदले जात असेल आणि शवविच्छेदनाचा प्रघात असेल तरच चाळीस वर्षांनी कोणाचे काय झाले याचा निर्वाळा देता येतो. आपल्याकडील मृत्यूचे दाखले ज्यांनी चाळले आहेत त्यांना हा मुद्दा अधिक विशद करून सांगण्याची गरज नाही.

या नोंदवहीने काय सांगितले? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे हयात असलेल्या आणि माहिती मिळू शकलेल्या १७६ जणांपैकी ११२, म्हणजे शेकडा ६४, किमान पाच वर्षे झटक्यांपासून मुक्त होते, आणि त्यांतील ८३ जणांना औषधही घ्यावे लागत नव्हते. गॉवर्स यांच्या काळातील निराशेला एवढे उत्तर पुरेसे आहे.

अर्थात् अपस्मार हा एकच रोग नव्हे, आणि पुढचे भविष्य बरेचसे त्याच्या जातीवर अवलंबून असते. सात-आठ वर्षांचे मूल पहाटे जागे होते, त्याच्या तोंडाची एक बाजू फडफडते, लाळ गळते, सभोवतीचे सारे त्याला कळते पण शब्द फुटत नाही, आणि मिनिट-दोन मिनिटांत सारे निवळते: आईच्या काळजाचा ठोका चुकविणारा हा प्रकार वास्तविक अपस्मारातील सर्वांत सौम्य होय, आणि वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तो जवळजवळ नेमाने विरून जातो. वर्गात क्षणभर टक लावून बसणारे, धडा वाचता वाचता मध्येच थबकणारे, आणि त्याबद्दल गुरुजींची छडी खाणारे मूलही बहुधा बरे होते. याउलट पौगंडावस्थेत सकाळी उठल्यावर हात झटकून ज्याच्या हातचा कप पडतो, त्याला औषध बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते. आणि काही प्रकार खरोखरच दारुण आहेत, डब्ल्यू. जे. वेस्ट या इंग्रज वैद्याने १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ला जे पत्र लिहिले त्यात पुनःपुन्हा पुढे झुकणाऱ्या ज्या तान्ह्या मुलाचे वर्णन आहे ते त्याचे स्वतःचे मूल होते. त्या विकाराला आज वेस्ट यांचेच नाव आहे.

मृत्यूविषयी बोलणे अप्रिय असले तरी टाळणे योग्य नव्हे. तुर्कूच्या २४५ जणांपैकी चाळीस वर्षांत ६० दगावले, आणि हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येतील अपेक्षेच्या तिप्पट आहे. त्यांतील १८ मृत्यू आकस्मिक, कारणाचा थांग न लागणारे असे होते, आणि सहा जण पाण्यात बुडाले. परंतु हा आकडा उलगडून पाहिला पाहिजे. मृतांपैकी ५१ जण असे होते की ज्यांचे झटके पाच वर्षे थांबलेले नव्हते, आणि ज्यांच्या मेंदूला मूळचीच मोठी इजा होती त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार अधिक होते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात पीटर आणि कॅरल कॅम्फील्ड या दांपत्याने १९७७ ते १९८५ या मुदतीतील ६९२ मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा ज्या मुलांना मज्जासंस्थेचे दुसरे वैगुण्य नव्हते त्यांचे मृत्यूचे प्रमाण इतर मुलांहून वेगळे आढळले नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग झटके थांबले की प्रश्न मिटला. या संशोधनातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच की तो मिटत नाही. तुर्कूची ही मुले प्रौढ झाली तेव्हा समवयस्कांच्या मानाने त्यांच्यापैकी कमी जणांचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे गेले होते, अविवाहित अधिक राहिले होते आणि बेकारही अधिक होते. ज्यांना अपस्मारावाचून दुसरे कोणतेही व्यंग नव्हते तेही या तुटीतून सुटले नव्हते. कॅम्फील्ड यांना बुद्धीने सर्वसामान्य असलेल्या मुलांतही हेच दिसले, आणि झटके किती आले यावरून पुढची सामाजिक स्थिती फारशी ओळखता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा शिक्षण, लग्न आणि नोकरी या बाबतींतील नुकसानाचा सारा दोष झटक्यांच्या माथी मारता येत नाही. त्यातला काही भाग अध्ययनातील अडचणींचा आहे, आणि उरलेल्यापैकी बराचसा, माझ्या मते, भोवतालच्या माणसांचा.

आपल्याकडे त्या माणसांत कायदाही सामील होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाला प्रतिबंध करणारा दोष ठरविला गेला. ते शब्द १९९९ मध्ये वगळण्यात आले. परंतु कायद्यातून गेलेली गोष्ट बैठकीतून गेलेली नाही, आणि मुलीची फिट लपविण्यासाठी लग्नानंतर तिचे औषध बंद करणारी घरे आजही आहेत. औषध एकाएकी तोडणे धोक्याचे आहे. साधारणतः दोन वर्षे झटके न आल्यावर, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू ते कमी करावयाचे असते. फिट आली असता कांदा किंवा जोडा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्या, आणि झटका पाच मिनिटांत न थांबल्यास दवाखाना गाठावा. त्याला विहिरीवर वा नदीवर एकटे सोडू नये, न्हाणीघराची कडी लावू देऊ नये. पण मैदानावर जरूर पाठवावे.

शेवटची विनंती सभागृहातील शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आहे. वर्गात मुलाला फिट आली म्हणून पालकांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हाती देऊ नका. झटका बहुधा पुढे थांबेल, सुटलेली शाळा मात्र त्याला परत मिळणार नाही.