जुन्या खात्याची पत

आजच्या भाषणाला "पतीचें वय" असें नांव द्यावें, असें प्रथम माझ्या मनांत आलें होतें. परंतु आमच्या घरांतून त्यास ताबडतोब हरकत घेण्यांत आली. म्हणून आरंभींच खुलासा करतों कीं, येथें पत म्हणजे बाजारांतील पत, आणि वय म्हणजे आपल्या क्रेडिट कार्डाच्या खात्याचें वय.

मी भाईंदरच्या पश्चिमेस मुर्धा गांवीं राहतों. माझ्या लहानपणीं आमच्या गांवाभोंवतीं मिठागरें आणि भाताचीं खाचरें होतीं, आणि वाण्याच्या दुकानांत प्रत्येक घराच्या नांवाची उधारीची वही असे. मीठ विकलें जाऊन हातीं पैसा आला, कीं लोक वही मिटवीत. पुढील उधारी देतांना दुकानदार दोनच गोष्टी पाही: हें घर किती वर्षें आपल्याकडे येत आहे, आणि मागच्या पावसाळ्याचें देणें त्यानें केव्हां फेडलें. एक मोसम नीट फेडणाऱ्यापेक्षां वीस मोसम फेडणाऱ्यापुढें त्याचा हात सैल सुटे. आजचा पत-अहवाल म्हणजे हीच वही होय. फरक एवढाच कीं, ती आतां एका दुकानांत राहत नाहीं. कर्ज देणाऱ्या कोणत्याहि बँकेस ती मागवून वाचतां येते.

ही वही ठेवणारी आपल्या देशांतील पहिली संस्था सिबिल. ती २००० सालीं मुंबईंत स्थापन झाली. २००५ सालीं या धंद्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि आज सिबिलसह अशा चार कंपन्या आहेत. आपल्या प्रत्येक कर्जाचें व कार्डाचें खातें केव्हां उघडलें, त्याची मर्यादा किती, बाकी किती, आणि महिन्यामागून महिना हप्ता वेळेवर भरला कीं नाहीं, हें सारें तेथें नोंदलें जातें. त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक आंकडा काढतात. त्यालाच लोक सिबिल स्कोअर म्हणतात.

आतां हा विषय मला कां घ्यावासा वाटला, तें सांगतों. माझे एक जुने सहशिक्षक आहेत. त्यांच्यापाशीं दोन कार्डें होतीं. एक वीस वर्षांचें, एक लाख रुपये मर्यादेचें. दुसरें तीन वर्षांचें, चाळीस हजारांचें. निवृत्तीनंतर पसारा आंवरावा, या सात्त्विक बुद्धीनें त्यांनीं जुनें कार्ड बंद करून टाकलें. कांहीं महिन्यांनीं नातीच्या शिक्षणासाठीं कर्ज काढावयाचें ठरलें, त्यांत हे सहकर्जदार. एका बँकेंतील गृहस्थानें अहवाल पाहून सांगितलें, "गुरुजी, तुमचा स्कोअर घसरला आहे. जुनें खातें बंद केलेंत, वीस वर्षें पाण्यांत गेलीं!" ज्यानें आयुष्यांत कोणाचा पैसा बुडविला नाहीं, त्या माणसाला हें ऐकून किती वाईट वाटलें असेल! ते सायंकाळीं माझ्याकडे आले, तेव्हां त्यांना चहाहि गोड लागेना.

आम्हीं दोघांनीं तो अहवाल समोर ठेवून ओळ न् ओळ वाचला. बँकेंतील गृहस्थाचें म्हणणें अर्धेंच खरें होतें. जुन्या खात्याचें वय मोजलें जातें, हें खरें. अमेरिकेंत १९८९ पासून चालत आलेल्या फिको नांवाच्या गुणपद्धतींत पतीच्या इतिहासाच्या लांबीला सुमारें शेंकडा १५ इतकें वजन आहे. वेळेवर फेडीला शेंकडा ३५. आपल्याकडील कंपन्या नेमकें प्रमाण प्रसिद्ध करीत नाहींत; पण वेळेवर फेड सर्वांत मोठी, हा क्रम येथेंहि तोच. वर्षें भरलीं म्हणून वर्गांत कोणी उत्तीर्ण होत नाहीं. हप्ते चुकविणाऱ्याचें जुनें खातें म्हणजे त्याच्या चुकांची लांबलचक यादी.

परंतु खातें बंद केलें म्हणजे त्याची नोंद त्याच दिवशीं पुसली जात नाहीं. ही माहिती किमान सात वर्षें जतन करण्याचा नियम आहे. आमच्या मित्राच्या अहवालांत तें वीस वर्षांचें खातें, "बंद" अशा शेऱ्यासह, आपल्या जागीं शाबूत होतें. मग स्कोअर कां घसरला? कारण दुसरीकडे होतें. ते दरमहा सुमारें वीस हजार रुपयांची खरेदी कार्डावर करीत. दोन्ही कार्डें मिळून मर्यादा एक लाख चाळीस हजार असतांना हा वापर शेंकडा चवदा होता. जुनें कार्ड गेल्यावर मर्यादा चाळीस हजारांवर आली आणि तोच खर्च शेंकडा पन्नास झाला. माणूस तोच, खर्च तोच, पण वहींत तो ओढग्रस्त दिसूं लागला.

वयाचा तोटा पुढें, जुनी नोंद अहवालांतून गेल्यावर, जाणवावयाचा. वीस आणि तीन यांची सरासरी साडेअकरा. वीस गेले कीं उरले तीन. स्कोअर सुधारण्यासाठीं लगेच आणखी एक कार्ड घ्यावें, असें कोणी सुचविलें होतें. तें मीं मोडून काढलें. नवीन खात्याचें वय शून्य, म्हणजे सरासरी पावणेआठांच्याहि खालीं येते, आणि अर्जाची चौकशी नोंदली जाते ती निराळीच. त्याऐवजीं बिल निघण्याच्या तारखेपूर्वींच बरीचशी रक्कम भरावी, म्हणजे बाकी कमी नोंदली जाते, असें आम्हीं ठरविलें.

जुनें कार्ड नुसतें कपाटांत ठेवूनहि भागत नाहीं. एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेलें कार्ड बँकेनें कळवून, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास, बंद करावें, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. म्हणून अधूनमधून विजेचें बिल तरी त्यावर भरावें. मात्र केवळ वयासाठीं दरसाल जबर शुल्क देत बसणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं. त्याच खात्यावर बिनशुल्क कार्ड बदलून मिळेल काय, हें आधीं विचारावें. आणि बंदच करणें असेल, तर सारी बाकी फेडून लेखी मागणी करावी. मग सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनें तें बंद केलें पाहिजे. न केल्यास दररोज पांचशें रुपये दंड.

गृहिणींना आणि नव्यानें नोकरीस लागलेल्या मुलांना एक सांगावयाचें आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि आपला अहवाल आपणच पाहिल्यानें स्कोअर कमी होत नाहीं. त्यांत खातें उघडल्याची तारीख अवश्य तपासावी. ती चुकीची असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. ज्यांच्या नांवावर कांहींच नाहीं, त्यांना मुदतठेवीच्या तारणावर लहानसें कार्ड मिळतें. तेथून वयाचा आरंभ होतो.

आमच्या मित्राचा स्कोअर तीन महिन्यांत बराचसा सांवरला. परंतु महाविद्यालयाची मुदत तितकी थांबणारी नव्हती. पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठीं त्यांनीं आपली एक ठेव मुदतीपूर्वीं मोडली. कर्ज मंजूर झालें तें दुसऱ्या वर्षासाठीं. उरलेलें कार्ड ते आतां औषधांसाठीं वापरतात, आणि बिलाच्या तारखेच्या चार दिवस आधीं मला फोन करून विचारतात, "मास्तर, आज भरूं कीं उद्यां?"