सुटका झाली, पण...

१९६९ च्या मार्च महिन्यात चंदीगडच्या उच्च न्यायालयाने एका चिनी बंदिवानाच्या सुटकेचा आदेश दिला. साम्यवादी चीनच्या सेनेतील हा सर्वेक्षक १९६३ च्या जानेवारीत सीमेच्या अलीकडे सापडला होता. पुढची सहा-सात वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली.

तुरुंगाचे दार उघडले. मायदेशाची वाट मात्र बंदच राहिली. पोलिसांनी त्याला मध्यप्रदेशात, आपल्या तुमसरहून निघणाऱ्या लोहमार्गावरील तिरोडी गावी आणून सोडले. तेथे त्याने पिठाच्या गिरणीत काम केले. गावातल्याच मुलीशी संसार थाटला.

पलीकडे आई वाट पाहात होती. २००२ साली, चाळीस वर्षांनंतर, दूरध्वनीवर तिचा आवाज त्याच्या कानी पडला. मरणापूर्वी एकदा भेट व्हावी, एवढेच तिचे मागणे होते. २००६ साली ती निवर्तली. मुलगा घरी पोचला तो २०१७ च्या फेब्रुवारीत. आणि तेव्हा पत्नी मागे तिरोडीतच राहिली होती.

न्यायालय माणसाला बंधनातून सोडवू शकते. त्याला त्याच्या माणसांत नेऊन पोचविणे हे शासनांचे काम. दोन शासनांना त्यासाठी चोपन्न वर्षे लागली. आईजवळ तेवढी वर्षे नव्हती.