डॅन्यूबवर पाच रात्री

मी खारघरला राहते. पावसाळ्यात आमच्या बाजूच्या डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरतात, त्या गॅलरीत खुर्ची टाकून बघायच्या, एवढाच माझा पाण्याशी संबंध. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. माहेर अलिबागजवळचं असूनही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट सुटायची, ती दीड-दोन तासांत पोचवायची. आम्ही मात्र पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून एसटीने धक्के खात जायचो. कारण घरचा नियमच तसा होता.

तो नियम १७ जुलै १९४७ चा. त्या दिवशी आषाढातली अमावस्या होती. सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली आणि वादळात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला दुपार उजाडली. रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून माणसं वर घेतली, असं आजी सांगायची. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गिरगावात छापखान्यात कामाला होते. ते त्या दिवशी निघाले होते. पण त्याच बोटीत चढले होते का, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. बोटीत नेमकी किती माणसं होती याचे आकडेसुद्धा आजतागायत वेगवेगळे सांगतात. आजोबांचा देह मिळाला नाही. आजी त्यानंतर कितीतरी वर्षं कुंकू लावत होती. आई तेव्हा दहा वर्षांची होती.

तर अशा घरातली मी, आणि माझ्या लेकीने २०२३च्या मे महिन्यात आमच्यासाठी डॅन्यूब नदीवरच्या क्रूझचं तिकीट काढलं. लेक म्यूनिकला असते. मी नाहीच म्हटलं. ती म्हणाली, “अगं आई, हा समुद्र नाहीये. नदी आहे. दोन्ही काठ सारखे दिसत राहतात. आणि बाबांच्या गुडघ्याचा तरी विचार कर.” यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. युरोपच्या बससहलीत रोज पहाटे बॅग दाराबाहेर काढायची, रोज नवं हॉटेल, हे त्यांना झेपणारं नव्हतं. नदीच्या क्रूझमध्ये खोली आपल्याबरोबर चालते. एकदा कपडे कपाटात लावले की उतरायच्या दिवसापर्यंत बॅगेला हात नाही. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. फार स्वस्त प्रकरण नाही हे, तेही सांगून ठेवते.

आमची बोट जर्मनीतल्या पासाऊहून सुटणार होती. हे गाव तीन नद्यांच्या संगमावर आहे. डॅन्यूब, हिरवट पाण्याची इन आणि दलदलीतून येणारी काळसर इल्झ. तिन्ही रंग काही अंतर शेजारी-शेजारी वाहतात, मग एक होतात. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं, १५०१नंतरचा हा सर्वांत मोठा पूर. ती रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर. मी लेकीकडे पाहिलं, तिने विषय बदलला.

बोटीवर चढल्यावर पहिली गोष्ट काय झाली? चहा नाही, नाच-गाणं नाही. घंटा झाली आणि सगळ्यांनी कपाटातली लाइफ जॅकेटं घालून बाहेर येऊन उभं राहायचं, असा हुकूम. पंजाबी ड्रेसवर ते केशरी जॅकेट चढवून आम्ही दोघं रांगेत. एक मुलगी हातात यादी घेऊन प्रत्येक खोलीचा नंबर वाचत होती आणि माणूस बघून खूण करत होती. आमच्या नंबरावर तिने वर पाहिलं, दोन बोटं दाखवली, खूण केली. माझे डोळे एकदम भरून आले. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाबरले. त्यांनी माझा हात धरला. त्यांना मी काय सांगणार होते?

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. सहलीला पोरं नेली की बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, लघवीला थांबलो तरी मोजायची. इथे तीच पद्धत. बोटीवरून गावात जाताना आपलं कार्ड घ्यायचं, परत आल्यावर द्यायचं. कार्ड राहिलं म्हणजे माणूस राहिला.

आता नदीतून बोट पायऱ्या कशा उतरते ते सांगते. डॅन्यूबवर वीज करण्यासाठी ठिकठिकाणी बांध घातले आहेत. बोट बांधाजवळ आली की एका लांबलचक हौदात शिरते. याला लॉक म्हणतात. मागचं दार बंद होतं, हौदातलं पाणी खालच्या बाजूला सोडून देतात, बोट पाण्याबरोबर खाली बसते, मग पुढचं दार उघडतं. पंप लागत नाही, पाणी आपल्याच उताराने जातं. पासाऊ ते बुडापेस्ट अशी अकरा लॉकं लागतात. पहिलं योखनश्टाइनचं, तिथे आम्ही दहाएक मीटर उतरलो, आणि हातातल्या कपातली कॉफीसुद्धा हलली नाही. पण रात्री जाग आली तेव्हा मात्र माझी गाळण उडाली. खिडकीबाहेर नदी नाही, आकाश नाही, नुसती ओली काळी भिंत, आणि ती वर-वर सरकते आहे! म्हणजे आपण खाली चाललोय. हे शांत घोरत होते. मी शाल घेऊन वर डेकवर गेले. तिथे एक पोरगेला खलाशी भिंतीकडे बघत उभा होता. मला पाहून त्याने हाताने खूण केली, ‘थांबा, आता उघडेल.’ थोड्या वेळात दार उघडलं आणि समोर नदी. त्यानंतर मला बुडापेस्टपर्यंत नीट झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मेल्क ते क्रेम्स या वाखाऊ खोऱ्यातून गेलो. जेमतेम पस्तीस किलोमीटरचा टप्पा, २०००पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. उतारावर दगडी बांध घालून द्राक्षाचे मळे, मधेच टेकडीवर पडका किल्ला, खाली चर्च. इथे नदी अडवलेली नाही, मोकळी वाहते, आणि बोटींच्या वाटेत पाणी उतरलेलं असतानाही अडीच मीटर खोली ठेवण्याचा प्रयत्न असतो, असं समजलं. अडीच मीटर! आमच्या माहेरची विहीर याच्या तिप्पट खोल. म्हणूनच पाणी फार कमी झालं की या बोटी अडकतात आणि प्रवाशांना बसने पुढे नेतात. फार चढलं तर पुलाखालून जाता येत नाही. तिकीट काढताना हे कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही.

काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसतात. मला वाटलं उगमापासून मोजत असतील. नाही. ही नदी समुद्राकडून मोजतात, काळ्या समुद्राजवळ शून्य. व्हिएन्ना साधारण १९२९वर, बुडापेस्ट १६४७वर. दिवसभर डेकवर बसून मी आकडे कमी होताना बघत होते.

ड्युर्नश्टाइनला गंमत झाली. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ साली इथल्या किल्ल्यात कैदेत होता. किल्ला वर, गुडघा खाली, म्हणून हे गावातच रेंगाळले. या भागात जर्दाळू फार. त्याचा मुरंबा, त्याची दारू, आणि जर्दाळू आत घालून उकडलेले गोळे, मोदकाचे लांबचे नातेवाईकच म्हणा. हे मुरंब्याच्या दुकानात चव घेत बसले. बोट सुटायची वेळ झाली, कार्ड एकच शिल्लक, आमच्या खोलीचं. ध्वनिक्षेपकावरून तीनदा आमचा नंबर पुकारला. शंभरावर माणसं कठड्याला टेकून काठाकडे बघताहेत आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. दहा मिनिटांनी हे मुरंब्याच्या चार बाटल्या घेऊन, लंगडत, हसत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन तास बोलले नाही. पण बोट थांबली होती. एका माणसासाठी थांबली होती.

व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हाविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे, मी नव्याने काय सांगणार! पाचव्या संध्याकाळी बुडापेस्ट आलं. मार्गारेट पुलाखालून बोट पुढे सरकली आणि डाव्या हाताला संसदेची इमारत सोनेरी दिव्यांत उभी. सगळे डेकवर. मीही कठड्याला अगदी टेकून उभी होते, हे मला नंतर फोटोत दिसलं.

सकाळी उतरल्यावर आम्ही त्याच पुलाकडे चालत गेलो. पुलाच्या पेश्ट बाजूला एक स्मारक दिसलं, फुलं ठेवलेली. तिथल्या एका माणसाला विचारलं. २९ मे २०१९च्या रात्री, पाऊस पडत असताना, ‘हाब्लेआन्य’ नावाची एक लहान सहलीची बोट या पुलापाशी मोठ्या क्रूझ बोटीच्या धडकेने काही सेकंदांत बुडाली. बोटीत पस्तीस माणसं, त्यांपैकी तेहेतीस दक्षिण कोरियाची. सात वाचली. एक अजूनही सापडलेलं नाही.

मी लेकीला फोन लावला. “तुला हे माहीत होतं?”

“हो, आई.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

नसते आले. मी काही बोलले नाही. त्या सापडलेल्या आणि न सापडलेल्या माणसाचा मी बराच वेळ विचार करत होते. कुठेतरी कोरियात त्याचं घर असेल. पण ते एक माणूस कमी आहे, हे तरी ठाऊक आहे. पस्तीस होते, हे ठाऊक आहे.

हॉटेलवर पोचल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला. ती माझ्या भावाकडे अलिबागला असते, तेव्हा शहाऐंशीची होती. बोटीचं तिला मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं, संसदेचा फोटो दाखवला, हौदाची गोष्ट सांगितली. ती गप्प. मला वाटलं रागावली.

मग म्हणाली, “किती माणसं होती बोटीत?”

हे मी उतरताना काउंटरवर विचारून घेतलं होतं. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. म्हटलं, “प्रवासी एकशे अठ्ठेचाळीस. काम करणारे चव्वेचाळीस.”

“सगळी उतरली?”

“सगळी उतरली, आई.”

“बरं,” ती म्हणाली. “जावयांना सांग, मुरंबा एक बाटली इकडे.”

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)