दात येण्यापूर्वीचे दात



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारे. दातांवर बोलायला डॉक्टरांनाच बोलवायला हवे होते, असे कोणी म्हणेल. परंतु डॉक्टरकडे माणूस दात दुखल्यावर जातो, आणि आम्हांस सांगायचे आहे ते दात दिसण्याच्याही आधीचे आहे. मूल सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला दात आला, असे आपण म्हणतो. वास्तविक त्यावेळी तो फक्त हिरडीबाहेर येतो. त्याच्या घडणीला वर्षाहून अधिक काळ आधीच सुरुवात झालेली असते.

गर्भधारणेनंतर साधारण सहाव्या आठवड्यात, म्हणजे आईची पाळी चुकून जेमतेम महिना झालेला असताना, गर्भाच्या तोंडातील आतल्या त्वचेची एक पट्टी जाड होऊ लागते. घोड्याच्या नालेसारखी, एक वरच्या जबड्यात व एक खालच्या. गर्भ त्यावेळी अवघा सेंटीमीटरभर लांब असतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास या पट्टीवर कळ्या फुटतात. प्रत्येक जबड्यात 10, एकूण 20. हेच आपले दुधाचे दात. पुढे कळीचा आकार टोपीसारखा व मग घंटेसारखा होतो, आणि शास्त्रज्ञांनी या अवस्थांना कळी, टोपी व घंटा अशीच साधी नावे दिली आहेत.

घंटा तोंडाच्या त्वचेपासून झालेली. परंतु तिच्या पोकळीत शिरलेल्या पेशी वेगळ्या कुळातल्या. ज्या भागापासून मेंदू व मज्जारज्जू तयार होतो, त्याच्या काठावरून निघून त्या जबड्यापर्यंत प्रवास करीत आलेल्या असतात. घंटा इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, तयार करते. पोकळीतल्या पेशी त्याखालचे डेंटीन व दाताच्या गाभ्यातला जिवंत मगज घडवतात. आणि या सगळ्याभोवती जी पिशवी असते, तिच्यापासून मुळावरचे सिमेंटम, दात जबड्यात धरून ठेवणारे तंतू व त्याभोवतीचे हाड होते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तो या तंतूंनी टांगलेला असतो; म्हणून तर फुटाणा चावताना थोडासा दबतो. इनॅमल करणाऱ्या पेशी मात्र दात बाहेर येताच नष्ट होतात. हाड मोडले तर सांधते, त्वचा भरून येते, पण झिजलेले इनॅमल शरीर पुन्हा करीत नाही. जे काही करायचे ते आधीच करून ठेवलेले असते.

चौदाव्या आठवड्याच्या सुमारास पुढच्या पटाशीच्या दातांत कॅल्शियम बसू लागते, व विसाव्या आठवड्याच्या आसपास सर्व 20 दातांत हे काम सुरू झालेले असते. जन्माच्या वेळी इनॅमलमध्ये एक बारीक रेघ उमटते, ती सूक्ष्मदर्शकातून दिसते. आमच्या खातेवहीत दिवसअखेर रेघ मारतात ना, तशीच. रेघेच्या आतले इनॅमल आईच्या पोटात झालेले, बाहेरचे जन्मानंतरचे.

मग आईच्या पोटातली ही जमा कशातून होते? बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते आणि म्हणून प्रत्येक बाळंतपणात बाईचा एखादा दात जायचाच, असा समज आहे. तो खोटा आहे. बाळाला कॅल्शियम मिळते ते आईच्या रक्तातून. आहारात कमी पडले तर तिच्या हाडांतून. तयार झालेल्या दातातून ते परत निघत नाही. गरोदरपणी दात किडतात ते उलटीतल्या आम्लामुळे व वरचेवर खाण्यामुळे, आणि हिरड्या सुजून रक्त येते ते संप्रेरकांच्या बदलांमुळे व दातांवर साचलेल्या थरामुळे. उलटीनंतर साध्या पाण्याने चूळ भरावी, लगेच ब्रश करू नये. दातांचे उपचार गरोदरपणी करून घेता येतात, चौथा ते सहावा महिना त्यास सोयीचा. 'दात जायचाच' म्हणून सुनेला घरी बसवून ठेवण्याचे काही कारण नाही.

आता थोडे कटू बोलतो. आपल्याकडे कित्येक भगिनी मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते व वारेतून बाळापर्यंत पोहोचते. इकडे आईची हिरडी, तिकडे नुकती घडणारी बाळाची हिरडी! तंबाखूमुळे मूल कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, आणि कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या मुलांत इनॅमल कच्चे राहिल्याचे अधिक आढळते. सवय सुटणे अवघड असते हे खरे; पण तिला बोल लावण्याआधी तंबाखूची पुडी बाजारातून कोण आणून देतो, तेही पाहावे.

औषधांचेही तसेच. टेट्रासायक्लीन या गटातील औषधे कॅल्शियमशी बांधली जाऊन दातांत बसतात व दात कायमचे पिवळट-तपकिरी होतात. म्हणून चौथ्या महिन्यापासून गरोदर स्त्रीला, व आठ वर्षांखालील मुलांना, ती सहसा देत नाहीत. घरातली उरलेली गोळी शेजारणीला देऊ नये.

बाळ जन्मले की त्याच्या हिरडीवर कधी मोत्यासारखे पांढरे दाणे दिसतात. दाताच्या त्या मूळ पट्टीचे ते अवशेष. काही आठवड्यांत आपोआप जातात, ते खरवडू नयेत. क्वचित एखादे मूल दात घेऊनच जन्मते. तो बहुधा दुधाचाच पुढचा दात असतो, थोडा लवकर आलेला. हलत असेल किंवा दूध पिताना टोचत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, हेही आपण ऐकतो. कळी वरच्या जबड्यात फुटली तेव्हा मामाला भाची आहे की भाचा, हेसुद्धा ठाऊक नव्हते!

विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट तुमच्या धाकट्या भावंडांसाठी. पहिल्या कायमच्या दाढेची सुरुवातही जन्माआधीच होते. ती सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते, कोणताही दात न पडता. त्यामुळे आईवडील तिला दुधाची समजतात व किडली तरी 'पडेलच' म्हणून सोडून देतात. ती पडून दुसरी येत नाही. आज घरी गेल्यावर बॅटरी घ्या, सहा-सात वर्षांच्या भावंडाला तोंड उघडायला सांगा आणि जबड्याच्या मध्यापासून एका बाजूस मोजत जा. सहावा दात दिसला तर तीच ती.