मोजणीची मोजणी

माहीमच्या कोळीवाड्यांत गणक येतो, तेव्हां कांहीं पुरुष होडीवर असतात. जवळच्या चाळींत एका खोलींत राहणारे चार कामकरी पाळीवर गेलेले असतात. शेजारी आठवतील तेवढीं नांवें सांगतो. त्यांतलें एखादें राहून गेलें, तर तें कळावें कसें?

त्यासाठीं जनगणनेमागून पडताळणी येते. भारतांत ती प्रथम 1951 च्या गणनेनंतर झाली. तिची रीत साधी आहे. कांहीं भाग नमुन्यादाखल निवडावे. तेथें पहिली यादी न पाहतां घरोघर पुन्हां विचारावें आणि मग दोन्ही याद्या नांवागणिक जुळवाव्या. कोण सुटलें, कोण दोनदां मोजलें गेलें, हें तेव्हां उघड होतें. दुबार नांवें वजा जातां 1951 सालीं हजारीं 11 माणसें सुटलेलीं आढळलीं. 2011 सालीं 23, आणि खेड्यांपेक्षां शहरांत अधिक.

121 कोटींच्या देशांत हजारीं 23 म्हणजे सुमारें पावणेतीन कोटी माणसें! आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं किती जणांना स्वस्त धान्य मिळावें, हें जनगणनेच्या आकड्यांवरूनच ठरतें. सुटलेला माणूस बहुधा गरीबच. म्हणजे ज्याला धान्याची गरज अधिक, तोच हिशेबाबाहेर राहतो.

पडताळणीनें मूळ आकडा बदलला जात नाहीं. तिच्यामुळें त्याच्यावर किती विसंबावें, तेवढें समजतें. गणकाची निंदा करणें हा तिचा हेतु नव्हे. बंद दारावरून दुपारीं परतलेल्यानें रात्रीं पुन्हां तेथें जावें, हाच तिचा बोध.