स्वतःसाठी लिहायचं, पण कुणी वाचलं तर?

आज लिहिण्याबद्दल बोलूया. म्हणजे पोस्ट, कॅप्शन वगैरे नाही हां. कुणालाही न दाखवता, आपल्या डोक्यात नेमकं काय चाललंय ते आपल्यालाच कळावं म्हणून लिहिणं.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. आपल्या पनवेलच्या नाट्यगृहालाही त्यांचंच नाव आहे. इंग्रजांविरुद्ध बंड केलं, एडनच्या तुरुंगात 1883 साली गेले, एवढं शाळेत येऊन जातं. पण हा माणूस रोजनिशी ठेवायचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात ते कारकून होते. 1879 च्या एप्रिलमध्ये बंड फसत चाललेलं, मागे पोलीस, आणि हे श्रीशैल मल्लिकार्जुनाला जाऊन बसले. तिथे त्यांनी आत्मवृत्त लिहिलं. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, दुष्काळात लोकांचे हाल पाहिले, शिकलेल्यांकडून मदत मिळाली नाही, बरोबरच्या माणसांचा ओढा लुटीकडेच, असं सगळं. विचार करा, जीव धोक्यात आहे आणि माणूस लिहीत बसलाय! मला तरी ते हिशेब लावणंच वाटतं. कुठे किती आलं, कुठे गेलं, आता उरलं काय.

मला हीच पद्धत पटते. आधी भावना नाही, आधी नोंद. मध्यंतरी मला बंगळुरूची ऑफर होती. तीन आठवडे डोक्यात तेच. ठाणे लोकलमध्ये तेच, जेवताना तेच. मग एका रात्री वहीत मांडलं: पगार किती, भाडं किती, आईबाबांना दवाखान्यात कोण नेणार, दादा वर्षातून किती वेळा घरी येतो. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं. गुंता पगाराचा नव्हताच. दादा गेला म्हणून मी राहायचं, हे घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. मग ते आईशी बोललो. ऑफर घेतली की नाही ते सोडा, पण निदान भांडण कशाशी आहे ते कळलं.

मित्राला व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर? तो काय म्हणेल ते धरून लिहिलं असतं. 'अरे जा बिनधास्त' आलं असतं आणि विषय संपला असता.

आता खरी भीती. कुणी वाचलं तर? फडक्यांचं वाचलंच ना. ते कागद इंग्रजांच्या हाती लागले आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. सरकारी दप्तरात त्यांचं इंग्रजी भाषांतर राहिलं, म्हणून आज आपल्याला तो माणूस आतून थोडा तरी दिसतो. हा व्यवहार त्यांना फार महाग पडला.

आपल्यावर खटला नाही चालणार, पण एका खोलीत चौघं राहणाऱ्या घरात वही कुणाच्या तरी हाती लागतेच. विशेषतः मुलींच्या. म्हणून 'लपवायचं काय त्यात' असं मी म्हणणार नाही. फोनमध्ये लिहिणार असाल तर नोट्सला वेगळा पासवर्ड टाका, आणि त्या घरातल्या सामायिक टॅबवर सिंक होत नाहीत ना, ते बघा. कागदावर लिहिणार असाल तर लिहा, दोनदा वाचा, फाडून टाका. फाडलं तरी चालतं, कारण लिहिताना जे उलगडायचं ते उलगडलेलं असतं.