भार कुठल्या पायावर?

समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढ, असं एखाद्याला सांगून पाहा. तो आधी डोकं काढेल, मग डोळे, मग डोळ्यांना पापण्या. पापण्या कोरून होईपर्यंत अर्धा कागद संपलेला असतो आणि पाय कुठे मावणार हा प्रश्न पडतो. माझ्या पहिल्या चित्रातल्या बाईंना गुडघ्याखाली जागाच उरली नव्हती!

समोरचा माणूस पाहून काढायला शिकवणारे वर्ग असतात. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये. तिथे विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून हात बसवत. पुतळा सोयीचा, हलत नाही, दमत नाही. १९२० च्या सुमारास, प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला. बाहेरच्यांची कुजबुज अजून थांबलेली नाही. रवी जाधव यांच्या २०१८ च्या ‘न्यूड’ चित्रपटाची नायिका मॉडेलचं हेच काम करते, आणि घरी ते लपवते. वर्गात मात्र पाच मिनिटांत संकोच मागे पडतो, कारण चित्र जमत नसतं आणि सगळं लक्ष तिकडे असतं.

वर्गाची सुरुवात बहुधा झटपट पोझनी होते. एक मिनिट, दोन मिनिटं. एवढ्या वेळात पापणी काढायला सवडच नसते. हात खांद्यापासून फिरवून शरीराचा एकूण झोक तेवढा पकडायचा. आणि झोक पकडायचा तर पहिला प्रश्न एकच : भार कुठल्या पायावर आहे?

पंढरीचा विठोबा विटेवर समचरण उभा आहे, दोन्ही पायांवर सारखा. आपण तसे उभे राहत नाही. बसची वाट पाहणारा माणूस एका पायावर रेलतो आणि दुसरा सैल सोडतो. भाराच्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. आता गवंड्याचा ओळंबा आठवा. तो गळ्याच्या खाचेपासून सोडला, तर भाराच्या पायाच्या घोट्याजवळ येतो. चित्रात ही रेघ चुकली, की कितीही सुंदर चेहरा काढा, माणूस पडतो आहे असंच वाटतं.

मापांचं म्हणाल तर, हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर डोक्याची उंची धरायची. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो, वर्षाचं मूल चारच. पण हे आकडे उभ्या माणसाचे. मॉडेल तुमच्याकडे गुडघा करून बसली, की मांडी वीतभरसुद्धा दिसत नाही. मन म्हणतं, मांडी एवढी आखूड कशी असेल? पेन्सिल म्हणते, आहे. अशा वेळी मी निमूटपणे पेन्सिलीचं ऐकतो.

आणि तिकडे मॉडेल काम करत असते. स्थिर उभं राहणं म्हणजे काही न करणं, असं वाटत असेल तर वीस मिनिटं घड्याळ लावून एका पायावर भार देऊन उभे राहा. दहाव्या मिनिटाला पाय बधिर होतो, मान खाली येऊ लागते. म्हणून मध्ये विश्रांती असते, आणि त्याआधी पावलांभोवती खडूने खुणा करतात. ती परत येते, त्याच खुणांत पावलं ठेवते; पण कंबर बोटभर खचलेली असते. मघाची काढायची की आत्ताची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

वर्ग नसेल तर रेल्वेचा फलाट आहेच. हातात छोटी वही घ्या, दुरून पाहा, कोणाला अवघडल्यासारखं होईल असं रोखून पाहू नका. आधी भाराचा पाय, मग कंबर, मग खांदे. डोक्यापर्यंत पोचाल तोवर गाडी येईल आणि तुमचं मॉडेल चढून निघून जाईल. पान उलटा, शेजारी दुसरं कोणीतरी उभं असेलच.